कितव्या थरावर

पाच मिलिमीटरला एक
अशा चोवीस चकत्यांमध्ये
अण्णा पडद्यावर उतरले.

रात्रपाळी माझीच होती.
द्वारकेच्या त्या तळघरात मशीन ठकठकत होतं,
काचेच्या अलीकडे मी,
माईकवरून नेहमीचं वाक्य म्हणून गेले,
"घाबरू नका, हलू नका",
आणि मग लक्षात आलं,
त्यांना हा आता नुसता आवाज असेल.

डावीकडे, कानाच्या जरा वर,
लिंबाएवढा पांढरा डाग.
बाकी सगळं जागच्या जागी.
मी चकत्या वरखाली फिरवत राहिले,
जणू एखादीत कुठेतरी
बारीक टाइपात "सायली" छापलेलं सापडणार होतं.

तसं काही नसतं तिथे.
पाणी असतं, चरबी असते,
मीठ आतबाहेर करणाऱ्या पेशी असतात.
एकीला धरून विचारा,
तिला काही म्हणजे काही माहीत नसतं.
आडगाव नाक्यावरच्या लाल दिव्याला
गाव कुठे माहीत असतं?

*

अण्णा म्हणजे दौलत पुंजाजी गांगुर्डे,
एकतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये.
(नावावरचे विनोद सगळे ऐकून झालेत.)
भोंग्यावर जायचे, सुटताना झडती,
डब्याची झाकणंसुद्धा उघडून.

पाचवीत असताना मी विचारलं होतं,
कागदाचे पैसे कधी होतात?
त्यांनी भाकरी खाली ठेवली.
आधी कोरा ताव. आत पाणचिन्ह असतं,
तरी तो तावच.
मग फिकट रंग, नुसती नक्षी.
मग ठसा, दाबून,
शाई बोटाला लागेल इतकी उंच.
मग नंबर.
"नंबर पडला की पैसे?"
"नाही. कापायचं असतं. मोजायचं असतं."
"मग मोजल्यावर?"
"भिंतीच्या आत आहे तोवर तो माल.
तुझ्या आईनं कोथिंबिरीला दिली
आणि त्या बाईनं घेतली, की पैसे."
घास गिळून झाल्यावर म्हणाले,
"बाई नसली तर मालच."

*

मंगळवारी मृणाल कापडणीस येते, चित्रांची कार्डं घेऊन.
कप. किल्ली. कोंबडा.
कपाला अण्णा म्हणतात, "सतरा".
किल्लीला, "ते, आपलं, ते".
कोंबडा बघून हसतात,
म्हणजे कोंबडा पोचलाय कुठेतरी,
जिना चढून वर आला नाही इतकंच.
पण आपण "एक" म्हटलं
की दोन, तीन, चार, थेट शंभरापर्यंत
न अडखळता घरंगळत जातात.
मृणाल म्हणते, हे वेगळ्या वाटेनं येतं,
याला बोलणं नाही म्हणायचं.
मग काय म्हणायचं?
ती कार्डं जुळवत बसली.

परवा दूधवाल्यानं परत दिलेली शंभराची
मी सहज त्यांच्या हातात ठेवली.
अंगठा आपला आपण कडेला गेला,
घासला, थांबला,
पुन्हा घासला.
नाक मुरडून त्यांनी नोट मला परत केली.
झिजलेली होती, मागून टेप.
एक शब्द नव्हता त्या खोलीत
आणि निकाल लागून गेला होता.
कुणी लावला? अंगठ्यानं?

प्रेसमध्ये बिघडलेला ताव फेकत नाहीत.
त्याचीही मोजणी होते, चांगल्याइतकीच काटेकोर,
मगच तो नष्ट होतो.
शेवटची सहा वर्षं अण्णा तेच करायचे.
रंग सरकलेला, नंबर तिरपा,
बघायचं, बाजूला काढायचं.
घरी आल्यावरही आमच्या वेण्यांचे भांग
त्याच नजरेनं बघायचे.

काल संध्याकाळी, मनमाडकडची मालगाडी
संपता संपत नव्हती, तेवढ्यात
माझ्याकडे बघत त्यांनी ओठ जुळवले.
"शाई."
मी थांबले. डबे जातच होते.
"शाई... ली."

मृणालच्या वहीत ही चूक म्हणून जाईल,
तारीख, वेळ, अपेक्षित शब्द, उच्चारलेला शब्द.
आणि खरंच, रंग केसभर सरकलाय,
खालून दुसरंच अक्षर दिसतंय.

मी कोथिंबीर निवडत होते.
हात न पुसताच
ओ दिली.